भरलेल्या गाडीचं माप

रिकाम्या गाडीला तो हात लावत नसे. गाडीवाल्याने हॉर्न मारला, घाई केली, कुणाकुणाची ओळख सांगितली, तरी हा शेडच्या खांबाला पाठ टेकून उकिडवा बसलेला आणि तिथूनच म्हणणार, "भरून आण." समोरचा बुचकळ्यात पडला की पुढचं वाक्यही ठरलेलं, "रिकामी गाडी खोटं बोलते." एवढं झालं की त्याचं त्या दिवसाचं बोलणं जवळजवळ संपलं.

जव्हारहून मोखाड्याला निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला त्याची शेड होती. चार सागाचे खांब, वर पत्रे, पायाने मारायचा हवेचा पंप, टायर उचकटायच्या दोन टामी आणि कोपऱ्यात जुन्या टायरांची चळत. पाटी नव्हती. लोक त्याला मापवाला म्हणत. जीपला मोठे टायर टाकायचे असोत की मुंबईहून आणलेली चकचकीत चाकं बसवायची असोत, ती मडगार्डला घासू नयेत म्हणून नेमका कुठल्या मापाचा टायर घ्यायचा, ते हा सांगे. टायर विकत नसे. माप सांगायचा आणि बसवून द्यायचा, बस्स.

टायर विकायचो मी. एसटी डेपोच्या पलीकडे माझं दुकान होतं, पुढे काच, आत कॉम्प्रेसर, टायर उतरवायचं मशीन, भिंतीवर मापांचा मोठा तक्ता आणि त्याच्या शेजारी फ्रेम केलेलं माझं आयटीआयचं सर्टिफिकेट. आणि लोक आधी त्याच्या शेडमध्ये जायचे, एक आकडा कागदावर लिहून घ्यायचे, आणि मग माझ्याकडे यायचे, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात यावं तसे. मी माझ्याच दुकानात कंपाउंडर झालो होतो. तेव्हा मी म्हणायचो, मला त्या माणसाचा राग येतो. राग कसला, हेवा होता तो. रोज सकाळी शटर वर करताना पोटात दुखायला लागायचं, इतका होता.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टायरवर आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा उंचीचा, तिसरा आतल्या चाकाचा. मूळ चाक काढून मोठं, रुंद चाक टाकलं की टायर बाहेर येतो, वर चढतो आणि मडगार्डच्या आतल्या कडेला लागतो. लागला की खर्रर्र आवाज येतो, रबर जळल्याचा वास येतो आणि महिन्याभरात टायर कडेने सोलून निघतो. सगळी अक्कल एवढीच की रुबाब दिसेल इतका मोठा हवा, पण घासणार नाही इतका लहान. माझ्या तक्त्यावर हे सगळं छापलेलं होतं. पण तो तक्ता ज्यांनी छापला त्यांच्याकडे पाच जणांच्या गाडीत पाचच जण बसत असावेत. आमच्याकडे बाजार आटोपून खोडाळ्याहून सुटलेल्या जीपमध्ये आत चौदा, मागच्या पायरीवर चार, टपावर नागलीची पोती आणि वर दोन बोकड. अशी जीप वळणावर कलली की मडगार्ड टायरवर येऊन बसतं. हे मला दिसत नव्हतं असं नाही, मी जन्मलो तिथेच. पण दुकानात गाडी यायची रिकामी, खाली सपाट लादी, तक्ता बघायचा, टायर चढवायचा, गिऱ्हाईक खूश. आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक त्याच्या शेडमध्ये दिसायचं.

त्याची पद्धत अशी. शेडमागच्या घरातून निघताना डब्यात भाकरीबरोबर नागलीच्या मळलेल्या पिठाचा एक गोळा आणायचा. गाडी भरून आली की आधी मडगार्डच्या आत कोपरापर्यंत हात घालायचा आणि डोळे मिटून चाचपत राहायचा, गुरांचा डॉक्टर गाय तपासतो तसा. मी दुकानात याची नक्कल करून दाखवायचो आणि लोक पोट धरून हसायचे. मग पिठाच्या लिंबाएवढ्या गोळ्या करून आत ठिकठिकाणी चिकटवायचा. गाडी माणसांसकट पुढच्या वळणापर्यंत न्यायला लावायचा, खड्ड्यात घालायला लावायचा, स्टेअरिंग दोन्ही अंगांना पुरतं फिरवायला लावायचा. गाडी परत आली की दबलेल्या गोळ्या काढून अंगठा आणि बोट यांच्यात धरून बघायचा. गोळी जाड राहिली असेल तर ठीक. पापडासारखी चपटली असेल तर मान हलवायचा आणि एक आकडा सांगायचा. हा नाहीतर तो, असं कधी नाही. वापरलेल्या गोळ्या कोंबड्यांना. त्या कोंबड्या एवढ्या तयार झालेल्या की जीपचं इंजिन बंद झालं की पळत येऊन मागच्या चाकाशी उभ्या राहायच्या. त्याची बायको म्हणायची, घरात भाकरीला पीठ पुरत नाही आणि हा गाड्यांना जेवू घालतो.

गाडी भरायची म्हणजे माणसं हवीत. तीही सोय आपोआप झाली. बाजाराच्या दिवशी मोखाड्याच्या अंगाला जाणाऱ्या म्हाताऱ्या एसटीची वाट बघायचं सोडून त्याच्या शेडमध्ये येऊन बसायला लागल्या. गाडी आली की टोपल्यांसकट आत. याला त्या 'वजनाला बसणं' म्हणायच्या. खरं तर फेरी वळणापर्यंतच असायची, पण गाडीवाला भला निघाला तर माप झाल्यावर पाड्यापर्यंत सोडायचा.

एकदा कुठल्याशा ऑफिसातले एक साहेब नवी चाकं आणि नवे टायर टाकलेली गाडी घेऊन आले. टायर मीच दिलेले. गाडीला पांढरीशुभ्र सीटकव्हरं. यानं त्यांनाही भरून आणायला सांगितलं. साहेब म्हणाले, या गाडीत मी आणि मिसेस दोघंच बसतो. यानं विचारलं, पावसात रस्त्यावर कुणी हात केला तर काय करता? साहेबांनी मागचं दार उघडलं. पाच म्हाताऱ्या सुकटीच्या टोपल्या मांडीवर घेऊन त्या पांढऱ्या सीटांवर बसल्या आणि वळणापर्यंत जाऊन आल्या. गोळ्या पापड झालेल्या. यानं तोंडावर सांगितलं, टायर चुकला. साहेब म्हणाले, अरे टायर कोरे आहेत, आतली कड जरा ठोकून घे ना. तेव्हा तो उठून उभा राहिला. "टायर चुकला तर टायर बदलायचा. गाडी नाय ठोकायची." हा त्याचा नियम होता. कड ठोकायचं काम आम्ही सगळे टायरवाले करायचो, मीही शेकड्यांनी केलंय. त्यानं मडगार्डला कधी हातोडी लावली नाही. आणि मापाच्या बाबतीत खोटं बोलला नाही, ना साहेबाशी, ना सख्ख्या मेव्हण्याशी.

हे सगळं मी सहन केलं असतं. धंद्यात करावं लागतं. पण माझे वडील त्याच्या शेडमध्ये जाऊन बसायला लागले, ते मला सहन झालं नाही.

आमचे अण्णा शिक्षक. सगळी नोकरी पाड्यांवरच्या शाळांमध्ये झाली, जव्हार-मोखाड्यात त्यांना ओळखत नाही असं घर नसेल. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, छोटी पांढरी गाडी घेतली. स्वभावाने वाईट नव्हते, पण कौतुक हा शब्द त्यांच्या फळ्यावर नव्हता. मी हायस्कूलात वर्गात पहिला आलो तर म्हणाले, वर्गात होते किती जण? दुकान काढलं तेव्हा उद्घाटनाला आले, नारळाचं पाणी प्यायले, चहूकडे बघितलं आणि म्हणाले, लादी निसरडी आहे. पस्तिशी आली तरी त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकावा म्हणून मी झुरत होतो, हे सांगायची मला आता लाज वाटत नाही.

तर हे अण्णा रोज दुपारी वर्तमानपत्र काखेत मारून त्याच्या शेडकडे चालायला लागले. मी त्याला 'अरे तुरे' करायचो, सगळं गाव करायचं. अण्णा त्याला 'तुम्ही' म्हणायचे. त्याला सही येत नव्हती, अंगठा उठवायचा, आणि अण्णा घरी येऊन सांगायचे, ते आज असं म्हणाले. एकदा जेवताना म्हणाले, निरीक्षण कशाला म्हणतात ते त्यांच्याकडे बघून कळतं. माझ्या सबंध नोकरीत असा एक विद्यार्थी मिळाला असता तर बरं झालं असतं. मी समोर बसून भात कालवत होतो. चौथीपर्यंत त्यांच्याच वर्गात शिकलो होतो मी. आईने माझ्या पानात भाजी वाढली, मी ती तशीच टाकून उठलो.

त्या दिवाळीत मी ठाण्याहून अण्णांच्या गाडीसाठी चार मॅगव्हील, म्हणजे शोभेची चकचकीत चाकं, आणली. मूळ चाकांपेक्षा एका इंचाने मोठी, रुंद, आरशासारखी. म्हटलं, आता बघू दे यांना मुलाचं काम. अण्णांनी चाकं उलटसुलट करून बघितली आणि दुपारी नेहमीप्रमाणे शेडकडे गेले. संध्याकाळी येऊन म्हणाले, मी त्यांना विचारलं. एकशे पंचावन्न रुंदीचा टायर टाक म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझं दुकान, माझी चाकं, माझा बाप, आणि आकडा त्याचा. एकशे पंचावन्न आणि एकशे पासष्ट, दोन्ही मापं माझ्याकडे होती. खरं सांगतो, माझा हात आधी एकशे पंचावन्नकडेच गेला होता, तक्ताही तेच म्हणत होता. पण ते बसवले असते तर अण्णा म्हणाले असते, शेवटी त्यांचंच बरोबर निघालं. मी एकशे पासष्ट चढवले. लादीवर गाडी उभी करून स्टेअरिंग फिरवून बघितलं. बोटभर जागा राहत होती, कुठे लागत नव्हतं. गाडी अशी दिसत होती की समोरच्या चहावाल्याने बाहेर येऊन बघितलं.

पंधरा दिवसांनी खोडाळ्याला बहिणीच्या मुलाचं बारसं होतं. अण्णा, आई, आत्या आणि दोन मावश्या गाडीने गेले. मी म्हणालो, दुकान बंद ठेवता येत नाही. दुकानाचं काही नव्हतं. भरलेल्या गाडीत बसून वळणावरचा तो आवाज अण्णांच्या शेजारी ऐकायची माझी छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी परत यायचे होते जेवायच्या वेळेला, आले चहाच्या वेळेला. मी दुकानाच्या पायरीवर उभा. अण्णा उतरले, गाडीला एक चक्कर मारली, मागच्या मडगार्डवर थाप मारली आणि म्हणाले, "टायर छान बसवलेस. कुठे घासले नाहीत."

मी उशीर का झाला म्हणून विचारलं, ते म्हणाले, वाटेत थांबलो होतो. मी पुढे काही विचारलं नाही. मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

त्यानंतर अण्णा हे सगळ्यांना सांगत सुटले. पोस्टात, बँकेत, चहाच्या टपरीवर, कुणी गाडीकडे नुसतं बघितलं तरी, आमच्या मुलाने बसवलेत, भरलेल्या गाडीतही घासत नाहीत. मी सहा-सात वर्षं त्या एका वाक्यावर काढली. धंदा मंद असला की मुद्दाम अण्णांच्या गाडीपाशी जाऊन उभा राहायचो, कुणीतरी विचारेल आणि ते परत सांगतील म्हणून.

आणि एवढ्यावर भागलं नाही. मी त्याला गाठला. टपरीवर बशीत चहा ओतून फुंकत बसला होता. मी चारचौघांत म्हणालो, "एकशे पासष्ट टाकलेत. तू काय सांगितलं होतंस? घासले का?" त्यानं बशी तोंडाला लावली, संपवली आणि खाली ठेवली. मग म्हणाला, "नाय घासत. बरोबर बसलेत." टपरीवरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले, कारण मापवाला मापात चुकला हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. म्हटलं, आता तरी याला लागेल, थोडं तरी जळेल. त्यानं टपरीवाल्याला अजून एक कटिंग सांगितलं आणि ते माझ्यापुढे सरकवलं. मी प्यायलो नाही. घरी जाताना मला त्याचाही हेवा वाटला, की हा माणूस हरून एवढा आरामात बसू कसा शकतो.

पुढे रस्ता रुंद झाला आणि त्याची शेड गेली. तो जव्हार तालुक्यातल्याच वांगणीच्या पलीकडे आपल्या पाड्यावर शेती करायला गेला. तिकडचा एक जीपवाला माझ्याकडे हवा भरायला आला तेव्हा सांगून गेला, मापवाला वारला. मी अरेरे म्हटलं आणि पुढच्या चाकाला नळी लावली. अण्णा दुसऱ्या दिवशी एकटेच तिकडे जाऊन आले, मला चल म्हणाले नाहीत. त्यानंतर वर्षभरात अण्णाही गेले.

गाडी अंगणात उभी राहिली. शेवटी विकायची ठरली, वांगणीकडचाच एक नवा लागलेला शिक्षक बघायला येणार होता. आदल्या दिवशी सकाळी मी चाकं काढून चिखल खरवडायला बसलो. ही चाकं मी तोपर्यंत कितीदा काढली असतील. पण मडगार्डच्या आत हात घालायची मला सवय नव्हती. ती त्याची सवय, मी फक्त नक्कल करणारा. त्या दिवशी चिखल काढता काढता हात आत गेला, कोपरापर्यंत.

मडगार्डच्या आतली कड खाली उभी असते, धारदार, हात कापतो. तिथे कड नव्हतीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत आत वळवून वर दाबून टाकलेली, तळहात फिरवला तर रेशमी लागेल अशी, वरून काळा रंग. दुसऱ्या बाजूलाही तसंच. ठोकलेला पत्रा मला अंधारातही कळतो. हा ठोकलेला नव्हता. इतकं सफाईचं काम मी आयुष्यात केलेलं नाही आणि आमच्या भागात ते करू शकणारा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो तर गाडीच्या पत्र्यात कधी बदल करत नसे.

आई ओटीवर वाल सोलत बसली होती. मी विचारलं, खोडाळ्याहून येताना काय झालं होतं? तिने मान वर केली नाही. वाल सोलता सोलता सांगत गेली. जाताना अधूनमधून खरखरलं होतं, येताना मोखाडा सोडल्यापासून प्रत्येक वळणावर आवाज यायला लागला. वास सुटला. आत्या म्हणाली मला उतरवा, मी चालत येते. अण्णा सरळ शेडपाशी येऊन थांबले. मापवाल्याने आत हात घातला. अण्णा म्हणाले, तुम्ही सांगितलं होतंत तेच खरं, आता एकशे पंचावन्न टाका आणि विषय संपवा.

"मग?"

"तो म्हणाला, गुरुजी, टायर बदलला तर साऱ्या गावाला दिसंल. पोराचं माप ऱ्हाऊ द्या."

मग त्याची बायको घरातून भात कांडायचं मुसळ घेऊन आली. ते त्यानं टायर आणि कड यांच्यामध्ये घालून धरलं, आणि अण्णांनी गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे, वीतभर पुढे, अशी चालवली. मुसळ फिरत गेलं तशी कड आत वळत गेली. दोन तास. एका बाजूचं झालं की दुसऱ्या बाजूचं. आई म्हणाली, "आम्ही सगळ्या आत बसलो होतो. वजनाला. सांगू नका म्हणाला, म्हणून नाही सांगितलं. आणि तू एवढा खूश होतास."

मी विचारलं, त्याला माझा एवढा पुळका का? मी तर त्याच्याशी कधी धड बोललोही नाही.

आईने तेव्हा कुठे माझ्याकडे बघितलं. "अरे, हे तिथे बसून दुसरं काय बोलायचे? तुझंच. पहिला आलास ते, ते सर्टिफिकेट, दुकानाची लादी कुठून आणलीस ते. त्या माणसाला तुझं सगळं पाठ होतं."

मी परत जाऊन चाकं लावली. प्रत्येक नट दोनदा घट्ट करून बघितला.

दुसऱ्या दिवशी तो शिक्षक आला तो घरची पाच माणसं घेऊनच. सगळी गाडीत बसली, मी पुढे. मोखाड्याच्या रस्त्याने जुन्या शेडच्या जागेवरून पुढे वळणापर्यंत गेलो, खड्ड्यातून घातली, परत आलो. मी कान लावून बसलो होतो. काही वाजलं नाही. उतरल्यावर त्याने मागच्या चाकाला हात लावून विचारलं, एवढे रुंद टायर आणि घासत नाहीत, बसवले कुणी? मी तोंड उघडलं. तेवढ्यात ओटीवरून आई म्हणाली, "आमच्या मुलाने बसवलेत. कधी घासले नाहीत." अगदी अण्णांच्या आवाजात म्हणाली. मी मान डोलावली आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

आता आईही नाही. माणसं गेली की हेवा जातो म्हणतात, माझा गेला नाही. त्याच्या हाताचा हेवा होताच. आता त्याने माझ्यासाठी आपला नियम मोडला आणि माझ्याच तोंडावर खोटं बोलला, त्याचाही वाटतो. सगळ्यात जास्त वाटतो तो त्या रोजच्या दुपारींचा. अण्णा माझ्याबद्दल चांगलं बोलत होते, आणि ते ऐकायला तो होता, मी नव्हतो.

त्याला सांगायचं राहिलं, अण्णांना सांगायचं राहिलं. म्हणून इथे लिहून ठेवतो. ते टायर मी बसवले होते. ते घासत होते.